द्वारकाबाईला चष्मा लावला

१४ ऑगस्ट २०२५, तळेगाव

आज कादंबरी संपली. शेवटी 'समाप्त' लिहिलं आणि लगेच खोडलं. सिनेमा सुटल्यासारखं वाटत होतं. नाव 'थोरली'. एका घरातल्या दोन जावांची गोष्ट. आजवर वर्ध्याच्या पेपरात दर रविवारी पुढाऱ्यांची, साहेबांची आणि सत्कारमूर्तींची सालं काढली. लोक वाचतात, हसतात आणि सोमवारी त्याच पेपरवर भजी खातात. कादंबरीवर भजी खाता येत नाहीत, पुठ्ठा आड येतो. बावन्नाव्या वर्षी मला तो पुठ्ठा पाहिजे.

हे ओसरीत बसून बाजारासाठी वांगी निवडत होते. गाव ह्यांना बंडूजी म्हणतं, मी 'अहो'वर भागवते.

"अहो, झाली कादंबरी."

"झाली का? मंग गॅसवरचं दूध पाह्य."

एकच धास्ती आहे. कादंबरीतली थोरली जाऊ, द्वारकाबाई, मी आमच्या सरिताताईंवरून उचलली आहे. सरिताताई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, रूपरावांची बायको. दोघे भाऊ एका घरात, आम्ही दोघी एका गॅसवर. द्वारकाबाई दुसऱ्यानं घासलेलं भांडं परत घासते. कौतुक करते, पण शेपूट लावून. काम करताना असा सुस्कारा सोडते की शेजारच्या घरातला माणूस दचकावा. धाकटी जाऊ नलिनी मात्र सोशिक, मितभाषी, समजूतदार. ती कोणावरून घेतली हे सांगायची गरज नाही.

संध्याकाळी सरिताताईंनी घासून पालथं घातलेलं पातेलं उचललं, तर कडेला दुधाची रेघ तशीच. परत घासलं. करता काय!

२३ ऑगस्ट

नागपूरच्या प्रकाशकाकडे आदेश नावाचा तरुण संपादक आहे. नाव आदेश, पण बोलतो अर्ज केल्यासारखा. अमरावतीला चालला होता, म्हणून कारंज्याच्या ढाब्यावर भेटायचं ठरलं. शेजारच्या बाजेवर दोन ट्रकवाले शेवभाजी ओरपत होते. मराठी साहित्याचं भवितव्य ठरायला जागा वाईट नव्हती.

"मॅडम, द्वारकाबाई एक नंबर! ऑफिसात वाचताना मी एकटाच हसून राह्यलो होतो. लोक पाहून राह्यले होते. पण..."

"पण?"

"नलिनी."

"तिला काय झालं?"

"तिला काही होतच नाही ना मॅडम, तोच तर प्रॉब्लेम आहे. बाई आहे का उदबत्ती? नुसती जळते आणि वास देते. असा माणूस तुम्ही खरंच पाह्यला आहे का?"

रोज आरशात पाहते, असं ओठांवर आलं होतं. पण मी मितभाषी. चहा थंड होईपर्यंत त्याला नलिनी समजावून सांगितली, दुसरा चहा मागवला, तोही थंड केला आणि मग एक शब्द बोलले नाही.

त्याचं म्हणणं असं. द्वारकाबाईला मधोमध आणा, पुस्तकालाही तिचंच नाव द्या. नलिनीला एक तर जिवंत करा, नाही तर काढून टाका. दिवाळीपर्यंत दिलं तर डिसेंबरात पुस्तक. नाही जमलं तर पुढच्या वर्षी पाहू.

'पाहू' हा शब्द मी आष्टीच्या कचेरीत रोज वापरते. त्याचा अर्थ मला शिकवू नये.

२५ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. वांगी बाजूला ठेवून ऐकलं, म्हणजे गोष्ट गंभीर आहे.

"वहिनीनं सोताले ओळखलं तं?"

"तेच तर विचारतेय."

"तिनं तोंड फिरवलं तं दादा वेगळा होईन. महालक्ष्म्या एका घरी बसणार नाई. बाबाच्या मागं आपण एवढंच टिकवलं, लक्षात ठेवजो."

म्हणजे पुस्तक पाहिजे तर घर फुटणार आणि घर पाहिजे तर मी जन्मभर भज्यांखालीच राहणार. नलिनी असती तर मूकपणे कादंबरी चुलीत घातली असती. मी घातली नाही. एक तर चूल नाही. दुसरं म्हणजे नलिनीवर माझा विश्वास आता थोडा उडाला आहे.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक झाले आणि युक्तीही सुचली. वेषांतर!

सरिताताई अंगानं भरलेल्या, म्हणून द्वारकाबाईला वाळवली. सरिताताईंना अजून सुईत दोरा ओवता येतो, म्हणून द्वारकाबाईला चष्मा लावला आणि तो हरवतो म्हणून गळ्यात दोरी घातली. सरिताताई दहावी, म्हणून हिला बाहेरून एम.ए. केलं. त्या कधी नोकरीत नव्हत्या, हिला कचेरीत टेबल दिलं. वर डावा गुडघा दुखता ठेवला. आता ही बाई सरिताताई आहे म्हणायची कोणाची शामत आहे?

भीत भीत दोन पानं ह्यांना दाखवली. बराच वेळ वाचलं.

"हिचा नवरा काय करते?"

"भाजी पिकवतो. का?"

"काई नाई," म्हणाले आणि तोंडावर दुपट्टा घेतला. खोकत होते बहुतेक. परागकण असतील.

२९ ऑगस्ट

सरिताताईंनी महालक्ष्म्यांसाठी आणलेली नवी साडी दाखवली. मी मनापासून छान म्हटलं. रंग जरा वांग्याकडे झुकतो, एवढंच सुचवलं. घरात आधीच इतकी वांगी आहेत.

कोणाचं मन मोडायचं नाही, हा माझा स्वभाव.

३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या आल्या. आमची लेक वेदश्रीही पुण्याहून आली. एवढी शिकली, नोकरीला लागली, पण अजून चप्पल उंबऱ्यातच काढते.

आमच्याकडे रीत अशी की थोरलीला, म्हणजे ज्येष्ठेला, थोरल्या जावेनं नेसवायचं आणि कनिष्ठेला धाकटीनं. मुखवटे पितळेचे, एकाच साच्यातले. सासूबाई असताना त्या मानेमागची खूण पाहून देत. मला खूण लागत नाही. इतक्या वर्षांत मी दोघींना चेहऱ्यानं ओळखते. आपल्या हातानं एक मुखवटा माझ्या कोथळीवर, म्हणजे देवीच्या धडावर, चढवला, दुसरा सरिताताईंना दिला. त्या मुखवट्याकडे बघत क्षणभर थांबल्या, मग साडी नेसवायला लागल्या.

सरिताताईंच्या निऱ्या नेहमीसारख्या ढिल्या. मी माझं आटपून त्यांच्या सोडून परत घातल्या. काही बोलले नाही. फक्त सुस्कारा सोडला.

मग दोघींना समोरून पाहिलं. वेदश्रीला म्हटलं, "बघ, साचा एक, पण चेहऱ्यात किती फरक! आपली धाकटी कशी शांत, ऐकून घेणारी. थोरलीचा ओठ बघ, आता टोमणा मारते की मग मारते."

वेदश्री म्हणाली, "आई, तू जेवून घे."

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरण. सगळं मला एकटीला पाहावं लागलं. मदतीला जिनं हात लावला तिच्या हातून काढून घ्यावं लागलं, कारण कोणालाच नीट येत नाही. गुडघा ठणकतो आहे. आज इतकंच.

२ सप्टेंबर

क्रमानं लिहिते.

दुपारी जेवणं आटपल्यावर घरच्या आणि शेजारच्या बाया महालक्ष्म्यांपुढे पान खात बसल्या होत्या. ह्यांच्या आत्या जिजाबाई, शेजारची जया, सरिताताई. तेवढ्यात वेदश्रीनं बॉम्ब टाकला. "मोठी आई, आईनं कादंबरी लिहिली, माहीत आहे का?"

"अव्वा! मंग वाच ना व, प्रमोदिनी!" सरिताताई म्हणाल्या.

मी म्हटलं, अजून कच्ची आहे. जया म्हणाली, कच्ची तं कच्ची. जिजाबाई म्हणाल्या, "आमाले काय परीक्षा घ्याची हाय? वाच." दारातून हे बघत होते. चेहरा असा, की घराच्या वाटण्या आताच सुरू होतात.

नलिनीचं प्रकरण काढलं. पान संपायच्या आत जिजाबाईंना झोप लागली. जया म्हणाली, "हे चांगलं हाय, पण दुसरं काई हाय का?"

मग देवाचं नाव घेतलं आणि द्वारकाबाई काढली. लग्नघरात द्वारकाबाई जाते ते प्रकरण. नवरीचं कौतुक करता करता तिच्या आईला रडवते. आचाऱ्यानं घासलेली कढई परत घासते आणि पंगतीला सुस्कारे वाढते. पहिल्या परिच्छेदाला जया फिसकन हसली. दुसऱ्याला जिजाबाई जाग्या झाल्या. मी डोळे वर करत नव्हते. सरिताताईंचा आवाज येईल, ताट आपटेल, उठतील, एवढीच वाट पाहत होते. कढईपर्यंत आले तेव्हा खोलीत नुसता गोंधळ होता. वर पाहिलं तर सगळ्यांत जास्त सरिताताईच हसत होत्या. पदर डोळ्यांना लावून, भिंतीला टेकून.

वाटलं, सुटले! चष्मा कामी आला. बाईनं स्वतःला ओळखलंच नाही.

तेवढ्यात जिजाबाई म्हणाल्या, "बाई व, सोतावर असं लिवाले छाती लागते!"

"कोणावर?" मी विचारलं.

जयानं पान गिळलं. "मॅडम, तुमी तं चष्म्याची दोरीसुद्धा सोडली नाई," ती म्हणाली. "अन् तो गुडघा!"

"तो मी मागाहून घातला!" मी ओरडले. "चष्मा, गुडघा, नोकरी, सगळं मागाहूनचं आहे! आधी ती बाई लठ्ठ होती!"

"मंग आधी काय काय होतं?" जिजाबाईंनी शांतपणे विचारलं.

आधी काय होतं? आधी परत घासलेलं भांडं होतं. कौतुकाचं शेपूट होतं. सुस्कारा होता. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग सरिताताईंच्या साडीकडे. वांग्याकडे झुकणारा रंग.

सरिताताईंनी डोळे पुसले. "ते द्वारका तू होय, हे तं मले कढईच्या आधीच समजलं. मी म्हटलं, बाई आता सगळं कबूलच करून राह्यली. पण मले हे सांग, ते नलिनी कोन होय? ते मी होय का?"

मी हातातले कागद जुळवायला लागले.

"मले एवढी चांगली काऊन केली व?" त्या खरंच रागावल्या होत्या. "मी काय गाय होय? मले तोंड नाई? ह्या घरात मी काईच नाई केलं का?"

संध्याकाळी बोळवण. मुखवटे उतरवताना सरिताताईंनी माझ्या कोथळीवरचा मुखवटा उलटा करून मला दाखवला. मानेमागं खोल टिंब. ज्येष्ठेची खूण.

"थोरली तू बसवली. धाकटी मी."

"तुम्हाला परवाच समजलं होतं? मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू परत दोघीच्याही निऱ्या सोडल्या असत्या. पोट्टे उपाशी होते."

मी जिजाबाईंना विचारलं, आता दोष लागतो का? "बहिणीच हाय दोघी," त्या म्हणाल्या. "सोळा भाज्या खाऊन गेल्या, काई बोलल्या का?"

ज्या चेहऱ्याला मी शांत आणि ऐकून घेणारी म्हटलं ती थोरली होती. टोमणा मारायला टपलेली, ती माझी.

४ सप्टेंबर

काल कोणाशी बोलले नाही. घरात कोणाला तक्रार नव्हती, हे जास्त लागलं.

एक मुद्दा नोंदवून ठेवते. लेखिका आणि पात्र वेगळं असतं. कचेरीत हरिदास शिपायाला हेच समजावत होते, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही समजावून राह्यल्या ना, तेवढं द्वारकाबाईत टाका."

ह्याला कोणी सांगितलं? आष्टीपर्यंत बातमी कशी पोचली?

७ सप्टेंबर

रविवार. सरिताताई ओट्याशी भांडी घासत होत्या. मी स्टूल घेऊन समोर बसले. त्यांना नेसवताना, कापताना, वाढताना इतकी वर्षं पाहिलं, पण ते चुका काढायला. आज नुसतं पाहिलं.

पातेलं घेतलं, एक हात फिरवला, दुधाची रेघ तशीच ठेवून पालथं घातलं. बाकीची भांडी मात्र आरशासारखी.

"ताई, रेघ राहिली."

"माहीत हाय."

"मग?"

"तू परत घासतेच. मंग मी काऊन घासू?"

आणि हसल्या. असं हसू मी या घरात कधी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं, आणि भोळं म्हणून सोडून दिलं होतं?

मग त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेले. निऱ्या ढिल्या का, तर घट्ट केल्या तरी मी सोडणारच. सुस्कारा ऐकला की त्या मुद्दाम बंडूजींना चहा मागायला पाठवतात, म्हणजे मी आणखी एक सोडते. मग दोघं बाहेर ओसरीत हसतात. हेही! वांगी निवडता निवडता! आणि वांग्याच्या रंगाची साडी घेताना दुकानातच रूपरावांना म्हणाल्या होत्या, "थांबा, आता हे पाहून प्रमोदिनी काय म्हणते ते मी सांगते." अक्षर न् अक्षर बरोबर सांगितलं होतं.

मी इतकी वर्षं ह्या बाईची गंमत लिहीत होते, आणि ती माझी करत होती. त्यात पुन्हा तिची सरस.

नलिनीला जाग आली. आता पुरे म्हटलं तरी ऐकत नाही.

५ ऑक्टोबर

रोज पहाटे लिहिते. नलिनी आता पातेल्याला रेघ सोडते. द्वारकाबाईचं टोचणं पूर्वी नुसतं टोचायचं. आता त्यामागं दिसतं, की ही बाई हातातलं काम सुटलं तर आपली घरात गरजच उरणार नाही म्हणून घाबरलेली आहे. हे कुठून आलं माहीत नाही. काल्पनिक आहे.

सरिताताईंना प्रत्येक प्रकरण वाचून दाखवते. कालचं ऐकून म्हणाल्या, "हे नलिनी अजून थोडी हरामखोर कर."

२८ ऑक्टोबर

दिवाळीआधी पाठवलं होतं. आज आदेशचा फोन.

"मॅडम, काय केलं तुम्ही? ही नलिनी! ते पातेलं! मी आमच्या आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या बाईनं आपल्या घरी कॅमेरा लावला."

"मग काय पाहू म्हणता?"

"पाहू नाही मॅडम, छापून राह्यलो."

फोन ठेवला आणि कचेरीत हरिदासला पेढे आणायला पाठवलं. ते आल्यावर जरा पिठूळ वाटले. बोलणार होते. नाही बोलले.

१४ डिसेंबर

आज आष्टीला वाचनालयात प्रकाशन झालं. मुद्दाम बाजाराचा दिवस धरला. पिशव्या, टोपल्या, कोबीचे गड्डे घेऊन बाया आत आल्या. मागच्या रांगेत कोणाच्या तरी हिरव्या सांभाराच्या जुडीचा घमघमाट. ह्यांनी नवा सदरा घातला होता आणि भेटेल त्याला "हिचा नवरा भाजी पिकवते, तो मी" असं सांगत होते.

प्रकाशनाला पाहुणे म्हणून नागपूरचे एक मोठे समीक्षक आणायचा आदेशचा विचार होता. मी सरिताताईंचं नाव दिलं. वांगी रंगाच्या साडीत त्या व्यासपीठावर चढल्या. फितीची गाठ सोडून पुस्तक बाहेर काढलं. पुठ्ठ्यावर 'द्वारकाबाई'. खाली माझं नाव, जरा लहान टायपात.

सूत्रसंचालकानं ठरलेला प्रश्न टाकला. "मॅडम, द्वारकाबाई नेमकी कोण?"

मी 'सर्व पात्रं काल्पनिक' असं वाक्य घोटून नेलं होतं. समोर पाहिलं. जया, जिजाबाई, हरिदास, अर्धं तळेगाव. सगळे असे हसून वाट पाहत होते की खोटं बोलायला वाव नव्हता.

"मी," म्हटलं. "चष्म्यासकट."

असा टाळ्यांचा कडकडाट या गावात निवडणुकीतही झाला नसेल. ओरडा थांबल्यावर सरिताताईंनी माइक ओढला. "अन् नलिनी मी. पण तिनं माह्यं अर्धंच लिवलं. बाकीचं मी हिले अजून सांगतलं नाई."

पुस्तकांची सगळी पुडकी संपली. सही घ्यायला रांग लागली, ती थेट भाजीच्या दुकानांपर्यंत. एक म्हातारी म्हणाली, "द्वारका माही सासू होय, तुमाले कोनं सांगतलं?" तिच्या मागची म्हणाली, "नाई व, ते मी होय." एका पाटलीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माह्यं भांडं घासणं तुमाले कोनं सांगतलं?" मी सांगितलं, आतली गोष्ट आहे. प्रत्येकीला तेच सांगितलं. प्रत्येकीसाठी ते खरं होतं.

बावन्न वर्षांत इतक्या बाया मला पाहून खूश झालेल्या आठवत नाहीत.

१५ डिसेंबर

सकाळी ओट्यावर पातेलं पालथं होतं. उचललं. कडेला रेघ, स्वच्छ दिसेल अशी, अंगठ्याएवढी. सरिताताई पोळी लाटत होत्या, पाठ माझ्याकडे.

मी त्या रेघेकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. पातेलं जसं होतं तसं पालथं घातलं, हात पुसले आणि चहाचा कप घेऊन बाहेर निघाले. सुस्कारासुद्धा सोडला नाही. माणूस बदलतो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मागे लाटणं थांबलं. सरिताताई वळून आधी पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर काळजी. पुढे येऊन माझ्या कपाळाला पिठाचा हात लावून पाहिला.

"काऊन व, प्रमोदिनी? बरी नाई का तू?"